पाऊण किलोचा गव्हर्नर : लक्ष्मीपुरीतलं बिनपाटीचं पुस्तकाचं दुकान

दुकानाला पाटी नाही त्यामुळं नाव विचारू नका. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांच्या मागं जो बोळ आहे तिथं बारदानाच्या गठ्ठ्यांवरनं उडी मारून पलीकडं गेलं की एक गाळा लागतो, शटर कायम निम्मंच वर असतंय, बाहेर रद्दीचा काटा आणि आत पुस्तकं, तेच. मी गेलो होतो मेहुण्याच्या पोराला डिप्लोमाची सर्व्हेइंगची जुनी पुस्तकं बघायला, ती मिळाली नाहीत, आणि येताना पिशवीत अमेरिकेचा एक गव्हर्नर घेऊन आलो. दीडशे रुपयाला. म्हणून हा रिव्ह्यू.

आधी दुकानाची सिस्टीम सांगतो. मराठी पुस्तकं नगावर, इंग्लिश किलोवर, दोनशे रुपये किलो. असं का म्हणून विचारलं तर दुकानवाले मामा म्हणले, "मराठीची किंमत मला कळत्या, इंग्लिशची काटा सांगतोय." पटलं मला. दुसरी गोष्ट म्हणजे महिन्याच्या आत पुस्तक आहे तसं परत आणून दिलं तर निम्मे पैसे परत, म्हणजे लायब्ररीच झाली की, आणि डिपॉझिट नाही, फॉर्म नाही, आधार कार्डची झेरॉक्स नाही. मामा शाळेच्या वहीत लिहून ठेवतात, तेपण नाव न लिहिता, माझ्यापुढं "साईटवाला, क्लिंटन, ७५०" एवढंच लिहिलंय.

तर क्लिंटन. पुस्तकाचं कव्हर गेलेलं, पहिली चार-पाच पानं गेलेली, त्यामुळं लेखक कोण हे माहीत नाही, नुसतं प्रत्येक पानाच्या वर बारीक अक्षरात क्लिंटन छापलंय. मामांनी काट्यावर टाकत टाकत सांगितलं, "अमेरिकेचा क्लिंटन हाय, त्या मोनिकाच्या भानगडीचं असणार, ने, टाईमपास हुईल." मी पण तेच समजून घेतलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन जेवण झाल्यावर उघडलं तर आत घोडागाड्या, पिस्तुलं आणि १८०२ साल. हा बिल क्लिंटन नाहीच, हा डिविट क्लिंटन, दोनशे वर्षांपूर्वीचा न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर. बायको म्हणली परत देऊन ये उद्या, पंच्याहत्तर तरी मिळतील. मी म्हणलं एक धडा वाचून बघतो.

एक धडा वाचताना दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे आत काका-पुतण्या निघाले. आता काका-पुतण्या म्हटलं की महाराष्ट्रातला माणूस पुस्तक खाली ठेवू शकतोय का? काका जॉर्ज क्लिंटन, न्यूयॉर्कचा पहिला गव्हर्नर, १७७७ पासनं सलग १८ वर्षं आणि मग १८०१ ते १८०४ परत, पुढं अमेरिकेचा उपाध्यक्ष. पुतण्या डिविट, जन्म १७६९, कोलंबिया कॉलेजातनं १७८६ ला पास, वकिली शिकला आणि थेट काकाचा सेक्रेटरी. पण इथं पुतण्यानं काकाला सोडलं नाही. काकाचा विरोध होता देशाच्या नव्या घटनेला, तर हे १८-१९ वर्षाचं पोरगं टोपणनावानं पेपरात घटनेच्या विरोधात पत्रं लिहीत होतं, "एक खेडूत" अशा अर्थाचं नाव घेऊन. खेडूत कसला, कॉलेजात लॅटिन शिकलेला गडी.

दुसरी गोष्ट म्हणजे पानांच्या कडेला पेन्सिलीनं मराठीत काहीतरी लिहिलेलं होतं आणि कुणीतरी ते खोडलेलं होतं. ह्याच्याबद्दल मला तक्रार करायची आहे पण नंतर, आधी माणूस सांगतो.

सुरुवातीचा माणूस मला काय आवडला नाही. त्यावेळी न्यूयॉर्कमध्ये नेमणुका करणारी एक कौन्सिल असायची, गव्हर्नर आणि चार सिनेटर, आणि न्यायाधीश, शेरीफपासनं मेयरपर्यंत सगळी पदं तीच वाटायची. क्लिंटन १८०१ ला त्यात घुसला आणि विरोधकांची माणसं उचलून आपली बसवली, सरळसरळ. आपल्याकडं कारखान्याचं बोर्ड बदललं की गेटवरच्या वॉचमनपासनं बदलतंय तसलंच. मग १८०२ ला देशाच्या सिनेटमध्ये सिनेटर होऊन वॉशिंग्टनला गेला आणि १८०३ ला सोडून परत आला, कारण न्यूयॉर्कचं मेयरपद मिळालं (तेव्हा मेयर निवडून यायचा नाही, हीच कौन्सिल नेमायची). मध्ये दोनदा गेलं तरी १८१५ पर्यंत एकूण दहा वर्षं मेयर. शाळेची फी न परवडणाऱ्या पोरांसाठी मोफत शाळा काढणारी संस्था १८०५ ला निघाली, तिचा अध्यक्ष हाच. मॅनहॅटनचे ते सरळ उभे-आडवे रस्ते जे आपण पिक्चरमध्ये बघतो, त्यांचा नकाशा १८११ चा, म्हणजे ह्याच काळातला.

आणि एक द्वंद्वयुद्ध. १८०२, तेव्हाचा अमेरिकेचा उपाध्यक्ष ॲरन बर, त्याचा दोस्त जॉन स्वार्टवाऊट आणि हा, हडसन नदीपलीकडं वीहॉकनला. पाच फैरी झाल्या पाच! समोरच्याच्या पायात दोन गोळ्या बसल्या तरी तो म्हणतोय अजून एक, शेवटी क्लिंटनच म्हणला बास, आता मी मारणार नाही. ह्याच्या जागी त्याचा साहेब समोर असता तर बरं झालं असतं असंही म्हणाला म्हणतात. दोन वर्षांनी त्याच साहेबानं म्हणजे बरनं त्याच भागात देशाचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनला मारलं. हा धडा मी रात्री साडेबारापर्यंत जागून वाचला, बायको लाईट बंद कर म्हणून तीनदा ओरडली.

पण माझ्यासारख्याला खरं पुस्तक सुरू होतंय ते शंभराव्या पानाच्या पुढं. कालवा. मी सिव्हिल डिप्लोमा, पंधरा वर्षं साईटवर आहे, पाटबंधाऱ्याची कामं केलीत, त्यामुळं मी एकदम सरळ होऊन बसलो. एरी कालवा म्हणजे हडसन नदीवरच्या ऑल्बनीपासनं एरी सरोवरावरच्या बफेलोपर्यंत, ३६३ मैल. आपल्या हिशोबात सांगायचं तर ५८४ किलोमीटर, कोल्हापूरवरनं मुंबईला जायचं आणि परत येताना शिरवळपर्यंत यायचं एवढं लांब. रुंदी वरती ४० फूट, खोली फक्त ४ फूट, ८३ लॉक. लॉक म्हणजे दोन्हीकडं दारं असलेला हौद, बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरलं की बोट वर, सोडलं की खाली, असं पायरी पायरीनं डोंगर चढवायचा. हे सगळं फावडं, कुदळ, घोडे, बैल आणि सुरुंगाच्या दारूवर. जेसीबी सोडा, त्या देशात तेव्हा धड इंजिनियरसुद्धा नव्हते.

कल्पना क्लिंटनची नाही हे पुस्तक प्रामाणिकपणे सांगतंय. जेसी हॉली म्हणून एक पिठाचा व्यापारी, माल बंदरापर्यंत न्यायच्या खर्चात बुडाला, कर्ज फिटेना म्हणून तुरुंगात गेला आणि तिथं बसून १८०७-०८ ला त्यानं चौदा लेख लिहिले, टोपणनाव हर्क्युलिस. त्यात जवळजवळ हाच कालवा. लोकांना वाटलं जेलात डोकं फिरलंय. अध्यक्ष जेफरसनकडं माणसं गेली तर तो म्हणला शंभर वर्षांनी बघा, आजच्या घडीला हा विचार करणं म्हणजे वेडेपणाच्या जवळ जाणं आहे. पण क्लिंटननं ते मनावर घेतलं. १८१० ला तो कालव्याच्या कमिशनचा कमिशनर म्हणून स्वतः सगळ्या रूटवर फिरला, एवढा मोठा माणूस, आणि डायरी ठेवली. त्यात मुक्कामाच्या खाणावळीबद्दल लिहिलंय की ढेकणांची फौज चालून आली, मदतीला पिसवांचं पायदळ आणि डासांचं घोडदळ. मी साईटवर कंटेनरमध्ये झोपलेला माणूस, मला हे वाचून गहिवरून आलं.

आणि इथंच शंभराव्या पानानंतर पेन्सिल सुरू होती, न खोडलेली. आधीचा मालक कोण होता माहीत नाही पण अक्षर ड्रॉईंगवर लिहितात तसं, सुटं आणि तिरकं, आकडे एका रेषेत. नक्की आपल्याच लाईनचा, बहुतेक रिटायर्ड. जिथं ४ फूट खोली आलंय तिथं कडेला "गाळाचं काय?". पिसवांच्या फौजेपुढं "दाजीपूर रेस्ट हाऊस". खोटं नाही, मी मोठ्यानं हसलो.

मधलं राजकारण थोडक्यात सांगतो. १८१२ ला हा तेव्हाचा अध्यक्ष मॅडिसनच्या विरोधात अध्यक्षपदाला उभा राहिला, १२८ ला ८९ असा पडला. १८१५ ला मेयरपदही गेलं. दुसरा कुणी असता तर गप्प घरी बसला असता. ह्यानं त्याच वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कात हॉटेलात मीटिंग घेतली, कालव्यासाठी निवेदन लिहिलं आणि गावोगाव सह्या घ्यायला लावल्या, लाखावर सह्या झाल्या. केंद्रानं पैसे द्यावेत म्हणून प्रयत्न झाले तर मॅडिसननं जाता जाता मार्च १८१७ ला ते बिलच नाकारलं. मग राज्यानं ठरवलं आपलं आपण करू, रोखे काढून. एप्रिलमध्ये कायदा झाला, क्लिंटन गव्हर्नर निवडून आला, ४३ हजारावर मतं आणि विरोधकाला दीड हजारसुद्धा नाहीत. १ जुलैला शपथ आणि ४ जुलै १८१७ ला रोम नावाच्या गावाजवळ कुदळ मारली. चौथ्या दिवशी काम चालू! आमच्याकडं वर्क ऑर्डर हातात पडल्यावर लाईनआऊट म्हणजे जागेवर आखणी द्यायला महिना जातोय.

इथं पेन्सिलवाल्यानं मोठ्या अक्षरात लिहिलंय, "मधनं का सुरू केलं? कारण सपाट." बरोबर आहे. दोन्ही टोकं सोडून मधल्या सपाट पट्ट्यात सुरुवात केली म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांत लांबच्या लांब कालवा झालेला दिसतोय, पाणी वाहतंय, बोटी फिरतायत, टोल येतोय, आणि मग पुढच्या पैशाला कोण नाही म्हणणार. कातळ आणि चढ शेवटाला. हे इंजिनियरिंग नाही, हे राजकारण आहे आणि एकदम काटा किर्र राजकारण आहे.

मुख्य इंजिनियर बेंजामिन राईट आणि जेम्स गेडिस, दोघंही मूळचे जमिनी मोजणारे आणि गावाकडचे जज. दोघांनी दोन वेगळ्या रूटनं लेव्हल म्हणजे जमिनीची उंची मोजत येऊन जोडली तर फरक दोन इंचाच्या आत. मी हे वाचून आमच्या साईटवरच्या सर्व्हेअरला फोटो पाठवला, ऑटो लेव्हलचं यंत्र असून त्याचं क्लोजिंग एरर म्हणजे शेवटी जुळवताना येणारा फरक काय असतंय ते मी इथं लिहीत नाही. कॅन्व्हास व्हाईट म्हणून एक पोरगा इंग्लंडला जाऊन तिथले कालवे चालत फिरून बघून आला, आणि येऊन पाण्यात घट्ट होणारं सिमेंट करायला लागणारा दगड न्यूयॉर्क राज्यातच शोधून काढला, नाहीतर परदेशी सिमेंटवरच खर्च गेला असता. झाडांची खोडं मुळासकट उपटायला सोळा फुटी चाकांचं यंत्र केलं. १८१९ ला माँटेझुमाच्या दलदलीत हिवतापानं हजारभर मजूर आजारी पडले. पुढं बरेचसे मजूर आयर्लंडवरनं आलेले. लॉकपोर्टला तर कातळाच्या कड्यावर पाच लॉक एकावर एक, जिना केल्यासारखे.

लोकं काय म्हणायची? "क्लिंटनचा चर." पेपरात, सभेत, सगळीकडं चर. त्याचा स्वभाव पण काय मदत करणारा नव्हता, सहा फुटाच्या वर उंच, देखणा, "मॅग्नस अपोलो" म्हणायची त्याला, पण बोलायला ताठ, चारचौघात मिसळणार नाही, दुसऱ्याला अक्कल कमी आहे हे तोंडावर दाखवणार. त्यात १८१८ ला घोड्यावरनं पडून पाय मोडला आणि कायमचा लंगडत राहिला. त्याच वर्षी पहिली बायको मारिया गेली, दहा पोरं झालेली. हे सगळं लेखकानं अर्ध्या पानात उरकलंय, मला ते बरं वाटलं नाही, द्वंद्वयुद्धाची दोन पानं कमी करून इथं लिहायचं होतं.

आता जी गोष्ट कोल्हापुरातल्या कुठल्याही पाराच्या कट्ट्यावर सांगितली तर लोकं चहा गार करतील ती सांगतो. क्लिंटनचा विरोधी गट, हरणाची शेपटी टोपीला लावणारे म्हणून "बकटेल", त्यांचा डोकेबाज पुढारी मार्टिन व्हॅन ब्यूरन, जो पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. १८२२ ला क्लिंटन गव्हर्नरपदाला उभाच राहिला नाही, वारं फिरलेलं होतं. राहिलं होतं काय तर कालव्याच्या कमिशनवरचं पद, ते पण बिनपगारी. एप्रिल १८२४, कालवा पुरा व्हायला दीडेक वर्ष राहिलेलं, आणि अधिवेशन संपता संपता ह्या गटानं ठराव करून त्याला त्या कमिशनवरनं काढला. कारण काही नाही. नुसतं काढला.

आणि झालं काय, लोकं जी पेटली! कालपर्यंत चर म्हणणारी लोकं सभा घ्यायला लागली, फुकट काम करणाऱ्या माणसाला काढता म्हणजे काय. त्याच नोव्हेंबरमध्ये परत गव्हर्नरकीला उभा केला आणि सोळा हजाराच्या फरकानं आला. मेलेलं राजकारण विरोधकांनीच जिवंत करून दिलं. वडिलांना हे सांगितलं तर ते दूध संस्थेच्या राजकारणात चाळीस वर्षं घातलेले, ते शांतपणे म्हणले, "पडलेल्याला परत लाथ मारू नये, तो उठतोय." पुस्तकात ह्या पानावर पेन्सिलीनं दोनच शब्द आहेत, "हेच होतं." त्याच्या खाली तारीख आहे, ती मी सांगत नाही, पण तुमची-माझी कुणाची तरी इलेक्शन त्या आठवड्यात असणार.

त्यामुळं २६ ऑक्टोबर १८२५ ला बफेलोतनं "सेनेका चीफ" नावाची बोट सुटली तेव्हा त्यात गव्हर्नर म्हणून क्लिंटनच. बोट सुटल्याची बातमी न्यूयॉर्कला कळवायला रूटवर सगळीकडं तोफा ठेवलेल्या, एकीचा आवाज ऐकला की पुढची उडवायची, साधारण दीड तासात बातमी शहरात. बोट स्वतः ४ नोव्हेंबरला पोचली आणि क्लिंटननं एरी सरोवराचं पिंपातनं आणलेलं पाणी समुद्रात ओतलं. खर्च सत्तर लाख डॉलरच्या वर, आणि टोलमधनं तो वसूल होऊन वर पैसे सुटले, १८८२ ला टोल बंद केला. माल न्यायचा दर टनाला शंभर डॉलरवरनं दहाच्या आसपास आला. न्यूयॉर्क आज न्यूयॉर्क आहे त्यात ह्या चराचा हात मोठा आहे.

टोल पुरा वसूल झाल्यावर बंद केला, ह्या वाक्याखाली मी स्वतः रेघ मारली.

पुस्तकाबद्दल तक्रार एक आहे. कालवा गेला तो बहुतेक सगळा हौडेनोसौनी म्हणजे इरोक्वॉय ह्या तिथल्या मूळच्या लोकांच्या जुन्या जमिनीतनं. क्लिंटननं स्वतः १८११ ला ह्या लोकांवर मोठं व्याख्यान दिलेलं, अभ्यास होता त्याचा, आणि तरी कालव्यानं वस्ती वाढली आणि त्यांना आणखी बाजूला सारलं. लेखकानं व्याख्यानाचं कौतुक केलंय आणि जमिनीचं दोन ओळीत मिटवलंय. आपण धरणग्रस्तांच्या वसाहती बघितलेली माणसं, आपल्याला ते लगेच टोचतंय. पेन्सिलवाल्यालापण टोचलं असणार, तिथं नुसतं प्रश्नचिन्ह आहे, पण दोनदा गिरवलेलं.

शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाचा उल्लेख तर कितीदा आहे कडेला. एका पानावर त्यानं लिहिलंय, "महाराजांना बघायला मिळालं नाही, ह्याला मिळालं." शाहू महाराज १९२२ ला गेले आणि धरण पुरं व्हायला देश स्वतंत्र व्हावा लागला, त्यामुळं खरंच आहे ते. मी परवा राधानगरीला गेलो होतो तेव्हा ते सात स्वयंचलित दरवाजे बघत उभा राहिलो आणि हेच वाक्य डोक्यात. काळम्मावाडीवरनं शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाईपलाईनची आपण किती वर्षं वाट बघितली ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर मी काय बोलत नाही.

आता शेवट, आणि दुकानाबद्दलची पहिली तक्रार. शेवटची सोळा पानं नाहीत! क्लिंटन मरायच्या बरोबर आधी पुस्तक संपतंय. बायंडिंगचा दोरा तुटून एक फर्माच गळालाय. मामांना फोन केला तर "मेला असणार की, दोनशे वर्षं झाली" म्हणले. मग बाकीचं मी मोबाईलवर शोधून वाचलं आणि बरं झालं वाचलं, कारण सगळ्यात भारी भाग तोच आहे. ११ फेब्रुवारी १८२८, ऑल्बनीत घरी खुर्चीत बसल्या बसल्या गेला, वय ५८, गव्हर्नर असतानाच. आणि निघालं काय, माणूस कर्जात. सत्तर लाखाचं काम करून घेतलेला माणूस, घरातलं सामान कर्जापायी लिलावात गेलं, पोरांसाठी राज्यानं दहा हजार डॉलर मंजूर केले. पुरायला स्वतःची जागा नाही म्हणून एका डॉक्टरच्या कुटुंबाच्या कबरीत ठेवला, आणि तिथं सोळा वर्षं. १८४४ ला ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीत नेला, पुढं १८५३ ला तिथं पुतळा झाला.

आणि तो व्हॅन ब्यूरन, ज्याच्या गटानं पद काढलं, तो वॉशिंग्टनमध्ये उभा राहून म्हणला की हा जिवंत असताना मी ह्याचा कधी हेवा केला नाही, पण आता ह्याला जो मान मिळतोय तो बघून ह्याच्या कबरीचा हेवा वाटायला लागलाय. कबर उसनी होती हो! शोकसभेत सगळ्यात चांगलं भाषण विरोधकाचंच असतंय हे आपल्याला काय नवीन नाही, पण तरी.

नंतर हजार डॉलरच्या नोटेवर त्याचा फोटो आला, १८८० ची नोट. कर्जात मेलेल्या माणसाचा. पेन्सिलवाल्यानं ह्यावर काय लिहिलं असतं ते त्या सोळा पानांबरोबर गेलं.

दुसरी तक्रार, आणि ही खरी. पहिल्या शंभर पानांवरची पेन्सिल कुणी खोडली? मामांनी! स्वतः सांगितलं त्यांनी, अभिमानानं. पुस्तक आलं की गिऱ्हाईक नसताना बसून खोडरबरानं साफ करतात, "माल कसा स्वच्छ पायजे." ह्या पुस्तकाला शंभर पानं झाल्यावर कंटाळा आला म्हणून बाकीचं खोडायचं राहिलं. मी पानं खिडकीपाशी तिरकी धरून बघितली, खुणा दिसतात पण लागत नाही, एका ठिकाणी फक्त "काका" एवढं लागलं. म्हणजे काका-पुतण्याच्या धड्यावर त्यानं काहीतरी लिहिलं होतं आणि ते आपल्याला कधीच कळणार नाही. मामा, माणसं तुमच्याकडं येतील ती ह्याच्यासाठीच येतील, खोडू नका. हे मी त्यांना तोंडावर पण सांगितलं. ते म्हणले बरं, आणि रबर ड्रॉवरात टाकला, फेकून दिला नाही हे मी बघितलं.

बाकी जाणाऱ्यांसाठी. दुपारी एक ते चार शटर पूर्ण खाली, हाक मारू नका, झोपलेले असतात. टू व्हीलर बोळाच्या बाहेर लावा, आत हातगाड्या येतात. धूळ लई आहे, सर्दीवाल्यांनी रुमाल न्या. यूपीआय चालतंय पण मामा आवाज येईपर्यंत पुस्तक हातातनं सोडत नाहीत. पोरांच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा ढीग वेगळा आहे, त्यात जुन्या एडिशन मिसळलेल्या असतात, साल बघून घ्या. वळवाच्या पावसात वरनं गळतंय, त्या बाजूच्या कपाटातलं काही घेऊ नका. आणि काट्याचं म्हणाल तर काटा चोख आहे, मी घरी वाण्याकडं परत वजन केलं, ७४० भरलं, दहा ग्रॅम ती सुटलेली पानं बोळात पडली असतील.

पाचपैकी चार. एक कापला खोडरबरासाठी.

महिना संपायच्या आत, अठ्ठाविसाव्या दिवशी, मी पुस्तक परत द्यायला गेलो होतो, बायकोनं पंच्याहत्तर रुपयाचा हिशोब लावून ठेवलेला. मामांनी उघडलं, दोन-चार पानं चाळली आणि चष्मा वर केला. टोलची रेघ, सर्व्हेअरचा किस्सा, वडील काय म्हणले ते, सगळं मी पण पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं, कधी लिहीत गेलो मलाच कळलं नाही. म्हणले, "आता हे खोडत कोण बसणार? आहे तसं नाही हे, पैसे मिळणार नाहीत. ने घरी."